‘कळवतो’चा मथितार्थ

श्रेणिक मगदूमांचं सगळं गिऱ्हाईक एका पंगतीत बसलं असतं, आणि ती पंगतसुद्धा काही फार लांबलचक झाली नसती. साखर कारखान्यांत, डिस्टिलऱ्यांत जे पंप असतात, त्यांचा फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथून आतला रस किंवा स्पिरिट गळू नये म्हणून एक कडं बसवतात. त्याला सील म्हणतात. कुपवाडच्या एमआयडीसीत ‘सन्मती सील्स’ अशी पाटी लावलेल्या शेडमध्ये श्रेणिक हीच सीलं बनवत आले होते. ही वस्तू घरात कुणाला लागत नाही, दुकानात कुणी मागत नाही, आणि ती नीट चालली तर कुणाला तिची आठवणसुद्धा होत नाही. खरेदी खात्यांतली मोजकी माणसं, तेवढाच त्यांचा बाजार.

अशा माणसानं जाहिरात करावी का? श्रेणिकनी एकदा करून पाहिली होती. ‘परिचय’ नावाच्या त्या संकेतस्थळावर, जिथं झाडून सगळे नोकरदार आणि धंदेवाले आपापला सगळ्यात चांगला कोट घालून बसलेले असतात आणि दिवसभर एकमेकांचं अभिनंदन करत असतात, तिथं त्यांनी सीलाचा फोटो टाकून वर पैसे भरले होते. जाहिरातीवर बोट ठेवलं ते नोकरी शोधणाऱ्या पोरांनी, कोइमतूरच्या एका प्रतिस्पर्ध्यानं आणि विम्याच्या एजंटानं. प्रत्येक बोटाचे पैसे मात्र श्रेणिकच्या खात्यातून गेले. जाहिरात साबणवाल्यानं करावी, आपण माणसं जपावीत, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवून टाकला होता.

तो पुन्हा काढला त्यांच्या मुलीनं. श्रुतिका पुण्यात एका जाहिरात कंपनीत होती. तिथलं काम यंत्रं करायला लागली तशी तिची नोकरी गेली आणि ती कुपवाडला येऊन बापाच्या केबिनमध्ये दुसरी खुर्ची टाकून बसली. ज्या यंत्रानं तिला घरी बसवलं, त्याच यंत्राची ती आता वकिली करायला लागली, कारण त्याचा दणका तिनं स्वतः खाल्लेला होता.

“पप्पा, आता तसं राहिलं नाही,” ती म्हणाली. “आता लाख लोकांना दाखवायचं नसतंय. एकालाच दाखवायचं.”

जाहिरातीचं शास्त्र इतकी वर्षं सरासरीवर चालत आलं होतं. लाखभर लोकांना साबण दोन तऱ्हेनं दाखवायचा, कुठल्या तऱ्हेला जास्त लोक भुलले ते मोजायचं आणि तीच तऱ्हा पुढं चालवायची. त्यासाठी मुळात लाखभर लोक असावे लागतात. चाळीस गिऱ्हाइकांवर प्रयोग करायला गेलं तर प्रयोग पुरा व्हायच्या आत गिऱ्हाईक संपतं. छोट्या कारखानदाराचं घोडं नेमकं इथंच पेंड खात होतं.

‘परिचय’वाल्यांनी त्यावर उपाय काढला तो असा. त्यांनी प्रत्येक सभासदाची एक नक्कल तयार केली. माणसानं इतक्या वर्षांत काय लिहिलं, काय लिहून खोडलं, कुणाच्या निरोपाला लगेच उत्तर दिलं आणि कुणाला ताटकळत ठेवलं, कशावर त्याचा अंगठा क्षणभर थबकला, हे सगळं ओतून एक गणिती माणूस बनवला. त्याला काही विचारलं की तो मूळ माणूस जे उत्तर देईल तेच उत्तर देतो. कंपनीनं त्याला ‘अनुरूप प्रतिमा’ असं नाव दिलं. कुपवाडमध्ये सगळे त्याला तोतया म्हणायचे. मूळ माणूस घरी निवांत चहा पीत असतो आणि तिकडं त्याच्या तोतयाला एकच जाहिरात हजारो तऱ्हांनी दाखवली जाते. तोतया कंटाळत नाही, चिडत नाही, दार लावून घेत नाही. तो जिला भुलला तेवढी एकच जाहिरात मग खऱ्या माणसासमोर येते. याला लाखांची गरजच नाही. आणि गरज नाही म्हणून ते स्वस्त. ज्यांना आजवर जाहिरात परवडली नाही अशा लहान कारखानदारांसाठीच ते काढलंय, असं कंपनी सांगत होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

श्रेणिक एरवी ऐकले नसते. पण त्या वर्षी दोन कारखाने परदेशी कंपनीच्या सीलाकडे वळले आणि शेडमधली दुसरी पाळी बंद करावी लागली. उरला होता नागझरी कारखाना. तिथं नवी डिस्टिलरी उभी राहत होती आणि तिच्या सगळ्या पंपांच्या सीलाचं वार्षिक कंत्राट निघणार होतं. ते मिळालं तर शेड चालणार, नाही तर कुलूप, इतका सरळ मामला होता. नागझरीचे खरेदी अधिकारी सुभाषचंद्र बिराजदार म्हणजे श्रेणिकचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. श्रेणिक स्वतः नमुना घेऊन गेले. बिराजदारांनी ते सील हातात घेऊन फिरवून पाहिलं, टेबलाच्या खणात ठेवलं, चहा पाजला आणि म्हणाले, “कळवतो.”

त्यानंतर तीन आठवडे नागझरीहून फोन आला नव्हता.

*

पहिल्याच दिवशी श्रुतिकानं सगळ्या गिऱ्हाइकांच्या तोतयांना मालाबद्दल विचारून घेतलं आणि पडदा बापाकडे वळवला. सगळी नावं हिरवी. झाडून सगळे माल घेणार होते.

श्रेणिक खो खो हसले. “हा जयसिंगपूरचा माणूस माझ्याकडनं माल घेणार? चार वर्षं मला पायरीवरनं परत पाठवतोय तो!”

“पण त्यानं दर वेळी तुम्हाला लिहिलंय, ‘कळवतो’.”

“मग? कळवतो म्हणजे काय कळवतो?”

आणि गोम कुठं आहे ते बापलेकांच्या एकदमच लक्षात आलं. यंत्राला मराठी येत होतं, पण आपलं मराठी येत नव्हतं. ‘कळवतो’ वाचलं की त्याला वाटायचं, हा माणूस कळवणार आहे. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणं म्हणजे अंगावर थुंकल्यासारखं. म्हणून माणसं नकाराला गुळाचं पाणी पाजून पाठवतात, आणि समोरचाही ते पिऊन, बरं आहे म्हणून उठतो. दोघांचीही अब्रू राहते.

“मला बघायला आलेले कोल्हापूरचे लोक तीन वर्षांपूर्वी कळवतो म्हणून गेलेत,” श्रुतिका म्हणाली. “अजून कळवतायत.” ती हसली, पण तो विनोद तिनं स्वतःला टोचून केला होता हे बापाला समजलं.

तिनं ‘परिचय’ला तक्रार लिहिली. उलट टपाली उत्तर आलं. या भागातले अंदाज चुकतायत हे त्यांनाही ठाऊक होतं, का ते उमगत नव्हतं. स्थानिक उद्योजकानं बोली समजावून दिली तर त्याची पुढची जाहिरात मोफत, आणि त्याची शिकवण या भागातल्या सगळ्या सभासदांना लागू होईल. श्रेणिकना मौज वाटली. शाळामास्तराचा मुलगा होते ते. चहा मागवून, खुर्चीत रेलून बसले आणि यंत्राच्या गोड बाईआवाजाची शिकवणी घ्यायला लागले.

“‘या की एकदा निवांत’, हे आमंत्रण आहे का?”

“नाही. म्हणजे, आता उठा.”

“‘पाठवून ठेवा, बघतो’?”

“पाठवू नका.”

“‘साहेबांच्या कानावर घालतो’?”

“घालणार नाही.”

“‘तुमच्यासाठी नाही करायचं तर कुणासाठी करायचं’?”

“कुणासाठीच करणार नाही,” श्रेणिक म्हणाले, आणि श्रुतिका तोंडाला ओढणी लावून हसायला लागली.

“‘कळवतो’?”

“नाही. स्वच्छ नाही.”

“नेहमीच? एखादा माणूस याला अपवाद असेल तर नाव सांगा. मी त्याला वेगळा ठेवीन.”

श्रेणिकनी कप खाली ठेवला. कारण असा एक माणूस होता. एकदा बिराजदार आईला घेऊन सोलापूरच्या दवाखान्यात बसले होते. आत म्हातारीवर शस्त्रक्रिया चालू होती. तिथून त्यांनी फोन केला होता. “मगदूम, तुमची निविदा नाही बसली. कळवतो म्हणालो होतो, म्हणून कळवायलोय.” पुढं हा माणूस तसाच आहे हे त्यांच्या अंगवळणी पडलं. हो असो, नाही असो, बिराजदारांचा फोन यायचा.

पण आता तीन आठवडे झाले होते. परदेशी कंपनीची गाडी नागझरीच्या फाटकात उभी असलेली कुणीतरी पाहिली होती. हाही शेवटी त्यातलाच निघाला, असं गेले आठ दिवस श्रेणिकच्या मनात घोळत होतं, आणि ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याचाच राग जास्त येतो. नाव जिभेवर आलं होतं.

“अपवाद कुणी नाही,” ते म्हणाले. “सगळे सारखेच.”

“धन्यवाद,” आवाज म्हणाला.

*

आठवड्याभरात सगळ्यांच्या फोनवर ‘मथितार्थ’ नावाची एक नवी सोय आपोआप येऊन बसली. कुणाचा निरोप आला किंवा कुणाशी फोनवर बोलणं चाललं की खाली बारीक अक्षरांत एक ओळ उमटायची, समोरच्याला खरं काय म्हणायचंय त्याची. कंपनीनं ती सगळ्यांना फुकट दिली, कारण जितकं लोकांचं बोलणं तिच्या कानावर पडे तितके तोतये शहाणे होत.

एमआयडीसीत हलकल्लोळ झाला. शेजारच्या शेडमध्ये स्प्रिंगा बनवणारे मुजावर तावातावानं आले.

“मगदूम, माझ्या मेव्हण्याला मी म्हणालो, ‘ये की रे जेवायला रविवारी.’ तर त्याच्या फोनवर आलं, ‘आमंत्रण नाही’! आता घरात बायको माझ्याशी बोलंना झालीय!”

“मग तुम्ही मनापासून बोलावलं होतंत?”

“ते नव्हं ओ!” मुजावर ओरडले. “नव्हतं बोलावलं, पण ते त्याला कशाला कळायला पाहिजे?”

श्रेणिक हसले. त्या ओळींचा गुरू आपण आहोत हे त्यांनी सांगितलं नाही. मुजावर बोलले ते किती खरं आहे, हेही तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्यांचा जीव नागझरीत अडकला होता. यंत्रानं नवी शिकवण घेऊन मागची सगळी वर्षं पुन्हा वाचून काढली होती आणि हिरवी नावं एकेक करून तांबडी पडली होती. बिराजदारांचंही पडलं. त्यांच्या नावापुढं लिहिलं होतं, ‘नकार. या व्यक्तीवर आणखी खर्च करू नये.’

“बघ,” श्रेणिक पोरीला म्हणाले. “मी म्हणालो नव्हतो?” उत्तर त्यांनीच यंत्राच्या तोंडात घातलं होतं आणि आता ते यंत्राची साक्ष म्हणून काढत होते. माणसाला आपलंच मत दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते शास्त्र वाटतं.

खाली यंत्रानं दुसरं नाव सुचवलं होतं. संग्राम देशमाने, नागझरीचे कार्यकारी संचालक. तिशी ओलांडलेला पोरगा, बापामागून खुर्चीत बसलेला. श्रेणिक त्याला एकदाच भेटले होते आणि त्यानं नमस्कारसुद्धा फोनमध्ये बघत बघत केला होता. जाहिरात फक्त या एका माणसाला दाखवायची होती. श्रुतिकानं मसुदा उघडला. पडद्यावर एक टेबल, टेबलाचा बंद खण, आणि खाली ओळ : ‘चांगला माल दारात उभा आहे. फाईल कुणाच्या खणात आहे?’ दुसऱ्या दिवशीची : ‘तुमच्या टेबलावर यायच्या आधीच कोणते निर्णय होऊन जातात?’ तिसऱ्या दिवशीची : ‘सन्मती सील्स. निर्णय खरंच तुमचा असेल तर.’

श्रेणिकनी ते दोनदा वाचलं. “यात सीलाबद्दल काहीच नाही की गं.”

“सीलाबद्दलच्या सगळ्या त्याच्या तोतयानं नापास केल्या. किंमत, टिकाऊपणा, आपल्या मातीतला माल, सगळं करून बघितलं यंत्रानं. तो एकाच गोष्टीला हलतोय.”

“कशाला?”

श्रुतिकानं बारीक अक्षरांतला शब्द मोठा करून दाखवला. ‘संशय’. जुने अधिकारी पाठीमागं आपल्याला हसतात, असं देशमानेला वाटत असतं. त्यानं हे कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. रोज रात्री चार शब्द लिहून खोडले होते, तेवढ्यावरून यंत्रानं ओळखलं होतं.

“आणि खणाचं याला कुणी सांगितलं?” श्रेणिकनी विचारलं. “नमुना खणात ठेवला ते?”

“तुम्हीच. आईला फोनवर सांगत होता ना.”

पंपातनं थेंब गळू नये म्हणून श्रेणिकनी जन्म घालवला होता. आणि त्यांचंच बोलणं असं कुठनं कुठनं पाझरलं होतं. बाहेर शेडमध्ये लेथ चालू होते. पूर्वी तो आवाज दोन्ही पाळ्यांना यायचा.

“बिराजदारांचं नाव यात कुठं नाही ना?”

“नाव नाहीच की.”

“त्यांना काही त्रास होईल?”

“पप्पा,” ती म्हणाली, “महिना होत आला तरी ते तुम्हाला एक फोन करत नाहीत. तुम्ही त्यांची काळजी कशाला करताय?”

अगदी हेच श्रेणिकना ऐकायचं होतं. ही जाहिरात घाण आहे हे त्यांना कळलं होतं. खण कुणाचा आहे हे देशमानेला न सांगता कळेल, हेही कळलं होतं. त्यांनी कामगारांचे चेहरे डोळ्यांपुढं आणले, मुद्दाम आणले, आणि पडद्यावर अंगठा टेकवला.

*

कंत्राट आलं. थेट कार्यकारी संचालकांच्या कचेरीतून, त्यांच्या सहीनं, खरेदी खात्याचा शिक्कासुद्धा नसलेलं. एकही घासाघीस नाही. शेडमध्ये पेढे वाटले गेले, बंद पडलेली पाळी सुरू झाली, आणि कामगारांपैकी दोघांनी श्रेणिकच्या पाया पडायला वाकून त्यांना ओशाळं केलं. श्रुतिकाला बापानं सगळ्यांसमोर जवळ घेतलं. तिच्या चेहऱ्यावर पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा रया दिसली. श्रेणिकना आनंद झाला होता, खराखुरा. बिराजदारांना पेढे पाठवावेत असंही त्यांच्या मनात आलं. मग नंतर बघू म्हणून त्यांनी ते ढकललं.

उद्योजक संघटनेनं त्यांचं भाषण ठेवलं. विषय फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिला होता, ‘छोट्या कारखानदाराला जाहिरात परवडते का?’ सभागृह भरलं होतं. आतमध्ये प्रास्ताविक लांबलेलं, आणि श्रेणिक गळ्यातला हार काढून हातात घेऊन व्हरांड्यात उभे होते. तेवढ्यात फोन वाजला. बिराजदार.

“मगदूम, बोलू शकताय का? कळवतो म्हणालो होतो. जरा उशीर झाला, माफ करा.”

श्रेणिक व्हरांड्याच्या कडेला सरकले. “बोला की साहेब.”

“तुमचं सील उत्तम निघालं बघा. नमुना मी त्याच दिवशी जुन्या डिस्टिलरीतल्या पंपाला बसवला होता. ते परदेशीवाले येऊन म्हणत होते, कुपवाडचा माल आठ दिवसांत गळतो. म्हटलं, तोंडानं भांडण्यापेक्षा महिनाभर चालवू, आणि रिपोर्टच पुढं ठेवू, म्हणजे उद्या कुणी तुमच्यावर बोट ठेवायला नको. महिना पुरा झाला. थेंब नाही. शिफारस लिहून मी फाईल वर पाठवणारच होतो.”

“साहेब, मला... कंत्राट मिळालंय.”

“ते कळलं. आनंद झाला. मिळायलाच पाहिजे होतं.” मागे ट्रॅक्टरांचा आवाज येत होता. “मी आता खरेदीत नाही. उसाच्या वजनकाट्यावर बसवलंय मला. चौकशी लावलीय.”

“कसली चौकशी?”

“मी फाईल दाबून ठेवली म्हणून. परदेशी कंपनीकडनं काहीतरी घेतलं असणार, असं संग्रामसाहेबांच्या डोक्यात बसलंय. एकाएकी. मला म्हणाले, ‘खणात काय काय ठेवलंय ते उघडून दाखवा.’ शिपायांसमोर उघडायला लावला ओ खण. आता खणाचं कुठनं त्यांच्या मनात आलं, देव जाणे. आत चष्म्याचं घर आणि शेंगदाण्याची पुडी.” ते हसायचा प्रयत्न करत होते आणि ते ऐकवत नव्हतं. “रिटायर व्हायला आलोय मगदूम. या वयात चोर म्हणून घरी जायचं म्हणजे...”

हातातल्या हाराची फुलं श्रेणिकच्या मुठीत चुरगळत होती.

“एक विनंती होती,” बिराजदार म्हणाले. “तुमचं आता संग्रामसाहेबांशी थेट बोलणं आहे. त्यांना एक शब्द सांगा, की बिराजदारांनी माल नाकारला नव्हता, तपासायला घेतला होता. आमची इतकी वर्षं व्यवहार केल्याची ओळख आहे, त्यांनी कधी चहाच्या पलीकडं काही घेतलं नाही, एवढंच. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. बाकी काही नको.”

एवढंच तर होतं. एक फोन. पण तो फोन केला की देशमाने विचारणार, मग ती खणाची जाहिरात तुम्ही का पाठवली? बिराजदार निर्दोष ठरायचे तर खोटा संशय आपणच पेरला हे श्रेणिकनी कबूल करायला हवं होतं, आणि संशयावर आलेलं कंत्राट संशय फिटला की किती टिकणार, हे सांगायला तोतयाची गरज नव्हती. आतून टाळ्या ऐकू आल्या. कुणीतरी त्यांचं नाव पुकारलं.

“साहेब,” श्रेणिक म्हणाले, “बघतो मी. बोलतो त्यांच्याशी. कळवतो तुम्हाला.”

पलीकडे फोन कानावरून हलल्याची खसखस झाली.

“मगदूम, हे फोनवर खाली काहीतरी लिहून यायलंय,” बिराजदार सावकाश म्हणाले. “‘नकार’ असं.”

सभागृहाच्या दारातून कुणीतरी श्रेणिकना आत यायची खूण केली.

“आजकाल कुणाच्याही बोलण्याखाली काहीबाही येतंय. यंत्राला काय कळतंय आपलं,” बिराजदार स्वतःचीच समजूत काढल्यासारखे म्हणाले. “तुम्ही कळवतो म्हणालाय ना? मग झालं. मी वाट बघतो.”

*

सभागृहात पहिल्याच रांगेतल्या माणसानं फलकावरचा प्रश्न विचारला. “मगदूमसाहेब, एका शब्दात सांगा. परवडते का?”

“परवडते,” श्रेणिक म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मुजावरांनीही वाजवल्या.

भाषण उरकून ते गाडीत येऊन बसले. श्रुतिका बाहेर लोकांच्या घोळक्यात होती. प्रत्येकाला तिच्याकडून जाहिरात करून घ्यायची होती. श्रेणिकनी काच वर केली, फोन समोर धरला आणि शिकवणीच्या वेळचा तो आवाज पुन्हा जागा केला.

“एक चूक दुरुस्त करायचीय,” ते म्हणाले. “‘कळवतो’ला एक अपवाद आहे. सुभाषचंद्र बिराजदार. त्यांनी कळवतो म्हटलं की ते कळवतात.”

स्वतःचं ओझं उतरवायला त्यांना एवढंच सुचलं. देशमानेला फोन करायचं धैर्य नव्हतं, म्हणून ते यंत्राला खरं सांगत होते.

“धन्यवाद,” आवाज गोडपणे म्हणाला. “पण ही व्यक्ती आता खरेदीदारांमध्ये नाही. जाहिरातदारांना उपयोग नसल्यामुळे त्यांची प्रतिमा काढून टाकली आहे. या दुरुस्तीची गरज उरलेली नाही.”

श्रेणिक फोन ठेवायला निघाले.

“आणखी एक,” आवाज म्हणाला. “आज दुपारी तुम्ही याच व्यक्तीला ‘कळवतो’ म्हणालात. तुमच्याच नियमाप्रमाणे मी तो नकार धरला. तिथे अपवाद करायचा आहे का?”

बाहेर श्रुतिका हसत होती. कुणीतरी तिला कार्ड देत होतं. हो म्हणावं असं श्रेणिकना वाटलं. मनापासून वाटलं.

“राहू दे,” ते म्हणाले.

“‘राहू दे’ हे शिकवायचं राहून गेलं होतं,” आवाज म्हणाला. “त्याचा अर्थ काय धरू?”

श्रेणिकनी फोन बंद केला आणि श्रुतिकाला बोलावण्यासाठी हॉर्न वाजवला.